पाण्यापासून सुरुवात करा, आरक्षणापर्यंत नंतर जा

प्रश्न थोडक्यात असा: परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. वर्गात साठ मुलं-मुली. आरक्षण, विद्यापीठाचं नाव, 17 सप्टेंबर (मराठवाडा मुक्तिदिन), कुणाची जयंती असा विषय निघाला की पाच मिनिटांत वर्ग फुटतो. नाही काढला तर वर्गात सगळे गप्प आणि भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर. वेगळ्या जातीच्या, धर्माच्या, पक्षाच्या माणसाशी बोलायला मुलांना शिकवायचं कसं?

उत्तर:

शिकवायची गोष्ट एकच आहे. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोंडावर असं सांगता आलं पाहिजे की त्यानं मान हलवून म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.' त्यानंतर आपलं उत्तर. वर्गात याला 'आधी त्याचं, मग माझं' असं सरळ नाव द्या, म्हणजे मुलं एकमेकांना आठवण करून देतात. मतं बदलावीत, सगळ्यांनी एकमेकांवर प्रेम करावं, असली अपेक्षा जाहीर करू नका. मुलांना ती भाषणाची वाटते आणि ती भाषणालाच टाळ्या वाजवून मोकळी होतात. हे काम सायकल चालवण्यासारखं आहे. आठ-दहा तास सराव लागतो, आणि पहिले दोन-तीन तास पडण्यातच जातात.

आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. मराठवाड्यातल्या पोरांना बोलता येत नाही असं नाही. वक्तृत्व आणि वादविवादाच्या स्पर्धा गावोगाव होतात, मुलं शेर टाकून टेबल गाजवतात. पण त्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा मोडतोडून मांडला की गुण जास्त मिळतात. त्यामुळे चषक आणणारी मुलं या सरावात सुरुवातीला सगळ्यात मागे पडतात आणि मागच्या बाकावरची, कमी बोलणारी एखादी मुलगी पहिल्याच दिवशी ते नीट करते. वक्त्यांना राग येतो. येऊ द्या.

आता विषयांचा क्रम. बहुतेक शिक्षक पेपरात जे चाललंय तेच वर्गात घेतात आणि तिथेच फसतात. पोहायला शिकवताना कुणी पोराला पावसाळ्यातल्या गोदावरीत ढकलत नाही. पहिला विषय असा हवा की ज्यात आख्खा वर्ग एकाच बाजूला आहे आणि विरोधी बाजू वर्गात हजरच नाही. आपल्या सुदैवानं असा विषय आपल्याकडे तयार आहे: पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी. नगर-नाशिककरांनी वर पाणी अडवलं यावर मराठा, वंजारी, बौद्ध, मुस्लिम, लमाण सगळ्या पोरांचं एकमत असतं. मग सगळ्यांनी मिळून नगर-नाशिकच्या शेतकऱ्याची बाजू मांडायची. जात मधे येत नाही, कुणाचं घर दुखावत नाही, आणि तरी राग खरा असतो. सरावाला याहून चांगलं काय हवं?

यासाठी एका पानाची माहिती तयार करा, याहून जास्त नको. त्यात एवढं असू द्या: वरच्या बाजूचं भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरं झालं, जायकवाडीचं उद्घाटन 1976 चं. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे 2,171 दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण 76 टीएमसी (अब्ज घनफूट). समन्यायी वाटपाची तरतूद 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात आहे. 2013 च्या मेंढेगिरी समितीचं सूत्र असं, की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि वरच्या बाजूचे मुद्दे: आमची धरणं आणि सिंचनाचे हक्क आधीचे, नदीतून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, जायकवाडी पसरट असल्यानं बाष्पीभवन जास्त.

पहिल्या वेळी काय होतं ते जवळून बघू. एकीला सांगितलं, नाशिकच्या द्राक्षवाल्याचं म्हणणं सांग. ती म्हणते, 'त्यांना वाटतं पाणी त्यांच्या बापाचं आहे.' वर्ग हसतो. हे सांगणं नव्हे, टोमणा आहे, आणि मुलीला तो फरक कळत नाही. तिला विचारा: हे वाक्य नाशिकच्या बागेत उभं राहून म्हटलंस तर बागवाला 'बरोबर' म्हणेल का? नाही. पुन्हा सांग. दुसऱ्या वेळी ती म्हणते, 'त्यांना वाटतं त्यांचा हक्क जास्त आहे.' टोमणा गेला, पण कारण आलं नाही, आणि 'त्यांना वाटतं' या दोन शब्दांत 'पण तसं नाहीये' हे दडलेलंच आहे. तिसऱ्या वेळी: 'आमच्या आजोबांच्या काळात धरण झालं, त्या भरवशावर आम्ही बाग लावली, कर्ज काढलं, आता ऑक्टोबरात पाणी सोडलं तर बाग वाळते आणि सोडलेल्यातलं बरंच पैठणला पोचतसुद्धा नाही.' हे झालं. आता बागवाला मान हलवेल. फळ्यावर तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि पुढचे सगळे तास ती उदाहरणं म्हणून वापरा. नंतर मुलं एकमेकांना 'हे पहिल्या नंबरचं झालं' असं म्हणू लागतात, तेव्हा समजा सराव लागू पडला.

'त्यांना वाटतं' काढून टाकून थेट 'आम्ही' म्हणायला लावणं ही युक्ती पाण्याच्या विषयात फार उपयोगी. पुढच्या विषयांत ती कुठे वापरायची नाही, ते खाली येईल.

पाण्यानंतर ऊस. कमी पावसाच्या पट्ट्यात उसाला किती पाणी द्यावं, यावर वर्ग थोडा फुटतो, पण जातीवर फुटत नाही. बागायतदाराचं घर, कोरडवाहू घर आणि कोयत्यावर (ऊसतोडीला) जाणारं घर असा फुटतो. मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, कारखान्याचा भाव हे सगळं वर्गातच कुणाला तरी आतून माहीत असतं. एक मात्र सांभाळा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. बीड, परभणी, जालना भागातल्या वर्गांत त्या काळात नेमकी हीच मुलं गैरहजर असतात. उसावरची चर्चा डिसेंबरात घेतली तर ऊस तोडणाऱ्यांबद्दल ऊस लावणारी पोरं बोलत बसतात. ती जुलै-ऑगस्टमध्ये घ्या.

तिसरी पायरी रोजच्या वागण्याची: भाषा, नमस्कार, डबा. इथे एक वीस मिनिटांचा उपक्रम चांगला चालतो. प्रत्येकानं कागदावर लिहायचं, घरी कुणी आलं तर काय म्हणता, फोन उचलल्यावर काय म्हणता, सरांना काय म्हणता. नाव लिहायचं नाही. कागद गोळा करून फळ्यावर यादी करा. राम राम, जय भीम, जय शिवराय, सलाम, रामकृष्ण हरी, जय सेवालाल, नमस्कार, हॅलो, 'हं, बोल' असं सगळं येतं. मग खरा प्रश्न: कुणी तुम्हाला यातलं जे तुमचं नाही ते म्हटलं, तर उलट काय म्हणायचं? तेच परत म्हणायचं, आपलं म्हणायचं, की 'नमस्कार' म्हणून मधे उतरायचं? समोरच्याला प्रत्येकाचा काय अर्थ लागतो? या एका प्रश्नावर मुलं मनापासून बोलतात, कारण बसस्टँडवर हे रोज घडतं आणि कुणी कधी विचारलेलं नसतं. चूक होते ती पुढे. उत्साहात शिक्षक सगळ्यांकडून सगळे नमस्कार एका सुरात म्हणवून घेतात. तो गॅदरिंगचा कार्यक्रम झाला. शिवाय एखाद्याला स्वतःच्या श्रद्धेमुळे एखादा शब्द उच्चारायचा नसेल, तर त्याची पंचाईत होते.

भाषेचं बघा. उर्दू माध्यमातून आलेली मुलं चर्चा तापली की दखनी किंवा हिंदीत जातात, बाकीच्यांना तो हट्ट वाटतो. तांड्यावरून आलेली मुलं घरी गोरमाटी बोलतात, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कन्नड. आणि आपली सगळ्यांची 'काय करायलास', 'कामून' वाली मराठी पुस्तकातल्या मराठीपुढे लाजते. नियम असा करा: बोलताना ज्याला जी येते ती भाषा, परत सांगताना मात्र ऐकणाऱ्यानं आपल्या भाषेत सांगायचं. उच्चारावर हसणं बंद. याला जोडून एक गंमत मुलांना जरूर दाखवा. निजामाच्या काळातली महसुली आणि जन्म-मृत्यूची बरीच कागदपत्रं उर्दूत किंवा मोडीत आहेत. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा गावोगाव उर्दू वाचणाऱ्यांची आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज लागली. अशा एखाद्या जुन्या नकलेची झेरॉक्स वर्गात आणा आणि उर्दू माध्यमाच्या मुलीला ती वाचायला लावा. 'मौजा', 'पटवारी', 'रकबा' हे शब्द ऐकले की मागच्या बाकावरचा पोरगा म्हणतो, 'हे तर आमच्या आज्याचे शब्द.' भाषण न करता जे पोचवायचं ते पोचतं.

डब्याचा आणि वसतिगृहाच्या मेसचा विषय मी सोपा समजत नाही, बरेच जण समजतात. अंडं ठेवायचं की नाही यावर जेवढी कडवट भांडणं होतात तेवढी पक्षावरून होत नाहीत. तो पाचव्या-सहाव्या तासापर्यंत लांबवा.

जोड्या कशा लावायच्या? हजेरीपटाच्या क्रमानं लावू नका. क्रमांक आडनावानं किंवा प्रवेशाच्या क्रमानं पडलेले असतात, त्यामुळे एकाच घराण्यातले दोघे शेजारी येतात. मुलांना बसल्या जागी 1 ते 15 मोजायला लावा. एक म्हणणारे चौघे एका गटात. साठांचे पंधरा गट. एका बाकावरचे मित्र आपोआप वेगळे होतात, आणि गट कुणी मुद्दाम केला असं वाटत नाही. मुलगा-मुलगी अशी दोघांची जोडी लहान गावात लावू नका. वर्गात काही होत नाही, घरी होतं. चौघांत दोन मुली-दोन मुलगे चालतात. एकच मुलगी पडली तर तिला दुसऱ्या मुलीसोबत हलवा. हाक पहिल्या नावानं, शिक्षकांनीसुद्धा. आडनाव घेतलं की अर्धी चर्चा आडनावानंच होते.

चौघांच्या चर्चेची पद्धत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी बसवलेली आहे. आपल्या तासिकेत ती अशी बसते. जोडतास म्हणजे नव्वद मिनिटं मागून घ्या. 45 मिनिटांत ती अर्धवट राहते आणि अर्धवट राहिली की भांडण व्हरांड्यात पुरं होतं. पहिली बारा मिनिटं वाचन: दोघांना एका बाजूचं पान, दोघांना दुसऱ्या. आठ मिनिटं जोडीतल्या जोडीत तयारी. मग पहिली जोडी चार मिनिटं बोलते, दुसरी फक्त लिहिते. मधे बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. मग दुसरी जोडी तीन मिनिटांत तेच परत सांगते, आणि पहिली जोडी मान हलवेपर्यंत पुढे जायचं नाही. नंतर उलट. इथवर साधारण पस्तीस मिनिटं. पाच मिनिटं फक्त प्रश्न, आणि प्रश्नाची सुरुवात 'कामून', 'कधी', 'किती' यांनी करायची. 'पण तुम्ही लोक...' हा प्रश्न नव्हे. मग बाजू बदलून पुन्हा चार-चार मिनिटं आणि परत सांगणं, म्हणजे सगळे मिळून पंधरा मिनिटं. त्यानंतर बाजू सोडून द्यायच्या, आणि पंधरा मिनिटांत चौघांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: कशावर पटलं, कशावर पटलं नाही, आणि कोणती माहिती मिळाली तर भांडण मिटेल. उरलेली वीसेक मिनिटं मोकळी ठेवा. ती कुठे जातात ते विचारू नका, जातातच. उगीच घट्ट वेळापत्रक आखलं तर शेवटचा कागद बुडतो, आणि तोच कामाचा असतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मान हलवण्यापाशी. मुलं सभ्यतेपोटी लगेच मान हलवतात, विशेषतः मुली, आणि वर्गातली संख्येनं लहान असलेली मुलं. 'बरोबर आहे' म्हणून मोकळं व्हायचं ही त्यांची जन्मभराची सवय. म्हणून मान हलवणाऱ्यानं एक तरी दुरुस्ती सुचवलीच पाहिजे असा नियम ठेवा: 'बाकी ठीक, पण मी "नेहमी" म्हटलं नव्हतं.' एवढ्या लहानशा दुरुस्तीनं खूप फरक पडतो. आणि प्रश्न विचारल्यावर शिक्षकांनी मनात पाच आकडे मोजावेत. शांतता शिक्षकांनाच सहन होत नाही.

आता चौथी पायरी, ज्यासाठी तुम्ही विचारलंय. तिथे दोन गोष्टी बदलतात. पहिली, बाजू बदलून बोलणं बंद. पाण्यावर उलट बाजू घ्यायला लावणं हा सराव आहे. वसतिगृहात शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या बौद्ध मुलाला 'आरक्षण नको' असं चार मिनिटं बोलायला लावणं हा छळ आहे. दंगलीत दुकान गेलेल्या घरातल्या मुलीबद्दलही तेच. एकासाठी जे मत असतं ते दुसऱ्यासाठी घर, नोकरी, लग्न असतं. दुसरी, कुणालाही समाजाचा प्रवक्ता करायचं नाही. 'तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?' हा प्रश्न शिक्षकांनी स्वतः विचारायचा नाही आणि मुलांना विचारू द्यायचा नाही. वर्गात दोनच मुस्लिम मुलं असतील तर ती दोन मुलं आहेत, कोट्यवधींची शिष्टमंडळं नव्हेत.

प्रश्न कसा बांधलाय यावर अर्धं काम ठरतं. 'अमुक समाजाला ओबीसीतून आरक्षण द्यावं का?' असा प्रश्न टाकला की वर्ग आडनावानं उभा राहतो. तोच विषय असा विचारा: 'एखादं कुटुंब मागास आहे हे ठरवायला तुम्ही कोणते तीन निकष लावाल, आणि ते मोजाल कसे?' जमीन, शिक्षण, नोकरी, लग्नात मिळणारी वागणूक, गावात घर कुठे आहे, असे निकष येतात आणि ते आडनावांना आडवे जातात. मराठा शेतकऱ्याचा अल्पभूधारकपणा आणि दलित पोराला वेगळ्या ठेवलेल्या चहाच्या कपाचा अजून येणारा अनुभव हे दोन वेगळे त्रास आहेत हे तिथे दिसतं. एक दुसऱ्याला खोटं ठरवत नाही.

पण त्याआधी माहितीचं पान भरून घ्या. मुलांना हातात देऊ नका, रिकाम्या जागा ठेवून विचारा. राज्यात अनुसूचित जातींना किती? 13 टक्के. अनुसूचित जमाती 7. ओबीसी 19. विमुक्त जाती 3, भटक्या जमाती ब 2.5, क म्हणजे धनगर 3.5, ड म्हणजे वंजारी 2, विशेष मागास प्रवर्ग 2. बेरीज 52. याशिवाय आर्थिक दुर्बल घटकांचे 10 आणि फेब्रुवारी 2024 च्या कायद्याचे मराठा समाजाचे 10 वेगळे. 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली 50 टक्क्यांची मर्यादा, मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा, तो रद्द करणारा 5 मे 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरबाबतचा 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय, एवढं तारखेसह. साठांपैकी दोघा-तिघांनाही हे सगळं बरोबर भरता आलं तर वर्ग हुशार समजा. आणि सगळ्या जातींची पोरं सारखीच चुकतात, यानं वातावरण जितकं हलकं होतं तितकं कशानंच होत नाही.

विद्यापीठाच्या नावाचं पान वेगळं करा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978 चा, अंमल 14 जानेवारी 1994 ला; मधल्या सोळा वर्षांत घरं जळाली, माणसं गेली. 'नामांतर' आणि 'नामविस्तार' हे दोन शब्द फळ्यावर लिहा आणि कोण कोणता वापरतो, का, एवढंच विचारा. मत विचारू नका. शहर-जिल्ह्यांच्या नव्या-जुन्या नावांचंही तसंच: संभाजीनगर म्हणणारा आणि औरंगाबाद म्हणणारा समोरासमोर आले तर दोघांनी एकमेकांना दुरुस्त करायचं नाही, ज्याचं त्याला म्हणू द्यायचं. कागदावर मात्र अधिकृत नाव.

17 सप्टेंबर हा यातला सर्वात अवघड आणि सर्वात शिकवण्यासारखा विषय. निजामानं 1948 मध्ये त्या दिवशी शरणागती पत्करली. भारतीय लष्कराची कारवाई 13 तारखेला सुरू झाली होती. बहुतेक घरांत ती आठवण रझाकारांच्या जाचातून सुटल्याची आहे. काही मुस्लिम घरांत त्याच दिवसांना 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात आणि ती आठवण त्यानंतरच्या आठवड्यांतल्या मारहाणीची आणि खुनांची आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्याची नोंद केली, आणि उस्मानाबाद, नांदेड ही नावं त्यात ठळक होती. अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्ध झाला नाही. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. रझाकार म्हणजे मुसलमान हे समीकरण मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे शोएबुल्ला खान यांचं नाव सांगा. रझाकारांविरुद्ध लिहिणारे हे हैदराबादचे संपादक. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा त्यासाठीच खून झाला. पद्धत अशी: चर्चा नाही. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला 'त्या वर्षाबद्दल घरात काय सांगतात' एवढाच प्रश्न विचारून पाच ओळी लिहून आणायच्या. सक्ती नाही. नाव काढून ते कागद वर्गात वाचायचे, एकामागे एक, मधे शेरा न मारता. शेवटी पाच मिनिटं शांतपणे लिहिणं. बस. लगेच 'मग यातून आपण काय शिकलो' असं विचारून घाण करू नका. आणि हा तास सप्टेंबरात घेऊ नका. जुलैत किंवा दिवाळीनंतर. तोच नियम 19 फेब्रुवारी, 14 एप्रिल, ईद, गणपती यांना: त्या आठवड्यात त्याच्याशी जोडलेला विषय नको. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर पक्ष आणि उमेदवारांची नावं वर्गात नकोतच.

पैठणच्या एकनाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड वर्गात वाचायला उत्तम. पण शिक्षक बहुधा शेवटचा समेट तेवढा वाचून मोकळे होतात. खरी गंमत मधल्या भागात आहे: दोघं एकमेकांच्या देव-धर्मावर तोंड भरून बोलतात आणि कुणी उठून जात नाही. सोळाव्या शतकातलं आहे, हेही सांगा.

एखाद्यानं जातीवरून किंवा धर्मावरून घाणेरडा शब्द वापरला तर काय? शब्द हवेत फेकलेला असेल तर आवाज न चढवता: 'थांब. तो शब्द इथे चालणार नाही. तुझा मुद्दा त्या शब्दाशिवाय सांग.' दहा सेकंदांत पुढे जा. पंधरा मिनिटांचं प्रवचन दिलं तर शब्द फेकणाऱ्याला व्यासपीठ मिळतं. पण तो शब्द समोरच्या मुलाला उद्देशून असेल तर उपक्रम तिथेच संपला. 'दोघांनी एकमेकांची बाजू समजून घ्या' असं तेव्हा म्हणणं हा अन्याय आहे. ज्याला लागलं त्याच्याशी आधी, एकट्यानं बोला. त्याला तक्रार करायची असेल तर महाविद्यालयाच्या तक्रार समितीची वाट दाखवा, अडवू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा त्या समाजाबाहेरच्या कुणी चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे पहिल्याच तासाला सगळ्यांना सांगितलेलं असावं. छळ हा मतभेदाचा प्रकार नाही.

मोबाइल. शिक्षकांची नोकरी अडचणीत येते ती बहुधा इथे. तासाभराच्या चर्चेतला वीस सेकंदांचा तुकडा गावच्या ग्रुपवर गेला की संध्याकाळी महाविद्यालयाच्या फाटकावर लोक जमतात. सगळे मोबाइल बंद करून टेबलावर एका पिशवीत, शिक्षकांचाही. प्राचार्यांना विषय, प्रश्न आणि माहितीचं पान आठवडाभर आधी लेखी द्या आणि पोच घ्या. शक्य असेल तर वेगळ्या समाजाचे एक सहकारी वर्गात बसवा. ते काही बोलले नाहीत तरी चालेल. त्यांचं नुसतं बसणं पुरतं.

तुमचं स्वतःचं मत मुलं विचारणारच. तुमचं आडनाव त्यांना माहीत आहे आणि त्यावरून त्यांनी ते कधीच ठरवलेलं आहे, त्यामुळे 'मला मतच नाही' हे कुणाला पटत नाही. सरळ सांगा: 'माझं मत आहे, सत्र संपल्यावर विचारलंत तर सांगेन. आत्ता सांगितलं तर निम्मी मुलं मला खूश करायला बोलतील.' हे वाक्य मुलं मानतात. मात्र माहिती चुकली असेल तर ती दुरुस्त करताना तटस्थ राहायचं कारण नाही. 13 टक्के ते 13 टक्के.

गुण द्यायचे असतील तर दहापैकी असे: परत सांगणं बरोबर आहे का, 4; मुद्द्याला आधार दिला का, 3; एक तरी खरा प्रश्न विचारला का, 2; वेळ पाळली का, 1. मताला शून्य. 'पास' (मला बोलायचं नाही) म्हणणाऱ्याचे गुण कापायचे नाहीत, त्यानं लिहून दिलं तरी चालतं. पंधरा गट एका शिक्षकाला एकाच वेळी ऐकता येत नाहीत, म्हणून प्रत्येक तासाला तीनच गटांपाशी बसा. पाच तासांत सगळे होतात.

शेवटचे कागद नीट ठेवा, विशेषतः 'कोणती माहिती मिळाली तर भांडण मिटेल' हा भाग. पुढच्या तासाला त्यातलं एक घेऊन दोन मुलांना तहसीलला, ग्रंथालयात किंवा पाटबंधारे कार्यालयात पाठवा, वेगवेगळ्या गटांतली दोघं मिळून. 17 सप्टेंबरचे घरून आलेले कागद मात्र ठेवू नका. ज्याचे त्याला परत द्या. ते घरचे आहेत.